निराश्रितांचे कैवारी श्रीसंत गाडगेबाबा

आपल्या परीट ज्ञातीत जन्मलेल्या या महापुरुषाचे चरित्र स्मरणिकेत यावे, अशी मंडळाची आज्ञा झाली. आम्ही ती शिरोधार्य मानली. तथापि बाबांना केवळ ज्ञातीचे भूषण म्हणून मिरविणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. त्याचे कारण पुढे येईल.

दि. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झिंगराजी व सखूबाई जाणोरकर यांच्या पोटी डेबूजींचा जन्म झाला. मद्यपानाने पित्याचा अकाली अंत झाल्यावर दापुरी येथे मामांच्या घरी गुरे राखण्यात व शेती करण्यात त्यांचे बालपण सरले. अक्षरओळख मुळीच नव्हती. पुढे पहिल्या कन्येच्या बारशाला मद्यमांसाची चालत आलेली रीत मोडून त्यांनी गोड जेवण वाढले, तेव्हा रुष्ट झाले ते आपलेच ज्ञातिबांधव! हे आम्ही मुद्दाम नमूद करीत आहो.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी गृहत्याग केला. अंगावर चिंध्या, हाती खराटा व गाडगे. ज्या गावी जावे तेथील रस्ते दिवसभर झाडावे आणि रात्री त्याच गावकऱ्यांना कीर्तनात प्रश्न विचारीत विचारीत अस्वच्छता, दारू, कर्ज व पशुबळी यांचे अनर्थ त्यांच्याच मुखातून वदवून घ्यावे, हा त्यांचा क्रम. साथीच्या रोगांनी गावे ओस पडण्याच्या त्या काळात याहून उपयुक्त आरोग्यशिक्षण कोणते? आम्ही आयुष्यभर शाळेत शिकविले, परंतु प्रश्न विचारण्याची ती हातोटी आम्हांस साधली नाही.

ज्यांना छप्पर नाही, त्यांच्याकडे बाबांचे विशेष लक्ष असे. ऋणमोचन येथे पूर्णेच्या काठी अंधपंगूंना अन्नवस्त्र देण्याचा परिपाठ त्यांनी घातला. ज्यांच्या सावलीसही लोक भीत, त्या महारोग्यांना ते स्वतः स्नान घालीत. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे त्यांनी धर्मशाळा उभारल्या. पंढरीस अस्पृश्य यात्रेकरूंना उघड्यावर निजावे लागे. त्यांच्यासाठी चोखामेळा धर्मशाळा बांधून १९४९ साली ती त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वाधीन केली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळची धर्मशाळा खेड्यांतून येणारे रोगी व त्यांचे आप्त यांच्या सोयीसाठी झाली. घरचा माणूस आत खाटेवर आणि आपण बाहेर पदपथावर, ही अवस्था ज्यांनी भोगली आहे त्यांनाच त्या छपराचे मोल कळेल.

एवढ्या वास्तू उभ्या राहिल्या, परंतु बाबांनी स्वतःच्या कुटुंबास त्यांत आसरा दिला नाही. पत्नी कुंताबाई झोपडीतच राहिल्या. त्यांनी कोणास शिष्य केले नाही, की ज्ञातीसाठी निराळी पंगत मांडली नाही. आमच्या वार्षिक संमेलनांत हारतुऱ्यांवर होणारा खर्च पाहताना आम्हांस हे वारंवार आठवते. मंडळाने राग मानू नये.

दि. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे नेले जात असता, वलगावनजीक पेढी नदीच्या पुलाजवळ मोटारीतच त्यांचे देहावसान झाले. अमरावतीस त्यांची समाधी आहे.