हेन्री ओसियन फ्लिपर

हेन्री ओसियन फ्लिपर (जन्म : थॉमसव्हिल, जॉर्जिया, २१ मार्च, इ.स. १८५६, मृत्यू : अटलांटा, जॉर्जिया, इ.स. १९४०) हे अमेरिकन लष्करी अधिकारी, स्थापत्य अभियंता, भूमापक, अनुवादक व लेखक होते. वेस्ट पॉइंट येथील लष्करी प्रबोधिनीतून पदवी मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय कॅडेट होत. इ.स. १८८२ मध्ये लष्करी न्यायालयाच्या निकालानुसार त्यांना सेवेतून बडतर्फ करण्यात आले. आपल्या सेवेच्या नोंदीतील हा शेरा काढून टाकला जावा आणि आपले पद परत मिळावे यासाठी त्यांनी आयुष्यातील मोठा काळ प्रयत्न केले. त्यांच्या हयातीत त्यांना यश आले नाही. मृत्यूनंतर ३६ वर्षांनी, इ.स. १९७६ मध्ये, अमेरिकी लष्कराने त्यांच्या नोंदीत दुरुस्ती केली आणि इ.स. १९९९ मध्ये त्यांना राष्ट्राध्यक्षांकडून क्षमादान मिळाले.

जन्म व बालपण

फ्लिपर यांचा जन्म गुलामगिरीत झाला. पाच भावांत ते थोरले. वडील फेस्टस फ्लिपर हे चर्मकाम व घोडागाड्यांचे अस्तरकाम करणारे कुशल कारागीर होते. फेस्टस आणि त्यांची पत्नी इझाबेला यांचे मालक वेगवेगळे होते. फेस्टस यांच्या मालकाने अटलांटास जाण्याचे ठरवले, तेव्हा कुटुंबाची ताटातूट होण्याची वेळ आली. फेस्टस यांनी आपल्या कारागिरीतून साठवलेले पैसे मालकाला देऊन पत्नी व मुलाची खरेदी करवली आणि कुटुंब एकत्र राहिले. यादवी युद्धानंतर गुलामगिरी संपुष्टात आली. हेन्री यांचे शिक्षण मिशनरी मंडळींनी चालवलेल्या शाळांत आणि पुढे अटलांटा विद्यापीठात झाले.

वेस्ट पॉइंट

अटलांटा विद्यापीठात शिकत असतानाच, जॉर्जियाचे लोकप्रतिनिधी जेम्स फ्रीमन यांच्या शिफारशीने फ्लिपर यांची वेस्ट पॉइंटसाठी निवड झाली आणि इ.स. १८७३ मध्ये ते प्रबोधिनीत दाखल झाले. त्यांच्या आधी इ.स. १८७० मध्ये जेम्स वेब्स्टर स्मिथ या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला तेथे प्रवेश मिळाला होता; मात्र त्याला अतोनात छळ सोसावा लागला आणि इ.स. १८७४ मध्ये परीक्षेत अनुत्तीर्ण ठरवून काढून टाकण्यात आले. फ्लिपर यांच्या वाट्याला मुख्यतः अबोला आला. कामापुरते बोलणे सोडले तर गोरे सहाध्यायी त्यांच्याशी संबंध ठेवत नसत. अशा एकाकीपणात चार वर्षे काढून १५ जून, इ.स. १८७७ रोजी ते पदवीधर झाले. ७६ जणांच्या वर्गात त्यांचा क्रमांक ५० वा होता. या अनुभवांवर त्यांनी लिहिलेले ‘द कलर्ड कॅडेट ॲट वेस्ट पॉइंट’ हे पुस्तक पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झाले.

सरहद्दीवरील सेवा

सेकंड लेफ्टनंट म्हणून फ्लिपर यांची नेमणूक १० व्या घोडदळ रेजिमेंटमध्ये झाली. या रेजिमेंटचे शिपाई कृष्णवर्णीय आणि अधिकारी गोरे असत. ‘बफेलो सोल्जर्स’ या नावाने हे शिपाई ओळखले जातात. अशा शिपायांचे नेतृत्व करणारे नियमित सैन्यातील पहिले कृष्णवर्णीय अधिकारी म्हणजे फ्लिपर होत.

आजच्या ओक्लाहोमा राज्यातील फोर्ट सिल येथे असताना त्यांनी केलेले एक काम आजही पाहता येते. छावणीभोवतालच्या डबक्यांत पाणी साचून हिवतापाचा प्रादुर्भाव होत असे. फ्लिपर यांनी उतार मोजून एक चर आखला आणि साचलेले पाणी वाहून जाईल अशी व्यवस्था केली. ‘फ्लिपर्स डिच’ या नावाने ओळखला जाणारा हा चर इ.स. १९७७ मध्ये राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित झाला. टेक्सासमधील निरनिराळ्या ठाण्यांवर त्यांनी रस्ते आखणे, तारायंत्राच्या तारा टाकणे अशी कामे केली. इ.स. १८८० मध्ये अपाची प्रमुख व्हिक्टोरिओ याच्याविरुद्धच्या मोहिमेतही ते सहभागी होते.

फोर्ट डेव्हिस आणि लष्करी न्यायालय

इ.स. १८८० च्या अखेरीस फ्लिपर पश्चिम टेक्सासमधील फोर्ट डेव्हिस येथे आले. तेथे त्यांच्याकडे छावणीच्या सामानसुमानाची आणि शिधापुरवठ्याची जबाबदारी होती. इ.स. १८८१ मध्ये कर्नल विल्यम शाफ्टर यांनी ठाण्याची सूत्रे हाती घेतली आणि फ्लिपर यांना सामानाच्या कामातून मुक्त केले. शिधाखात्याचे कामही काढून घेतले जाणार होते. तोवर त्या खात्याची रोकड मात्र फ्लिपर यांच्या निवासस्थानी एका पेटीत राहत असे.

त्या उन्हाळ्यात हिशेबात तूट असल्याचे फ्लिपर यांच्या लक्षात आले. ही गोष्ट त्यांनी वरिष्ठांना कळवली नाही. पुस्तकाच्या प्रकाशकाकडून येणे असलेल्या पैशातून तूट भरून काढता येईल, अशी त्यांची अपेक्षा होती. दरम्यान, रक्कम सॅन अँटोनिओच्या कार्यालयाकडे रवाना केल्याचे त्यांनी शाफ्टर यांना खोटेच सांगितले आणि ज्या बँकेत आपले खाते नव्हते त्या बँकेवर १,४४०.४३ डॉलरचा धनादेश लिहिला. ऑगस्टमध्ये प्रकरण उघडकीस आले. फ्लिपर यांना अटक झाली व पहाऱ्याच्या इमारतीतील एका अत्यंत अरुंद कोठडीत ठेवण्यात आले. आरोपी अधिकाऱ्याला सहसा त्याच्या निवासस्थानीच स्थानबद्ध करण्याचा प्रघात असल्याने हे वर्तन असाधारण होते. परिसरातील व्यापारी व स्नेही यांनी काही दिवसांतच पैसे गोळा करून दिले आणि खटला उभा राहण्यापूर्वी सरकारची सर्व रक्कम भरून निघाली.

लष्करी न्यायालयाचे काम सप्टेंबर ते डिसेंबर, इ.स. १८८१ या काळात चालले. कॅप्टन मेरिट बार्बर या गोऱ्या अधिकाऱ्याने फ्लिपर यांचा बचाव केला. आरोप दोन होते : ३,७९१.७७ डॉलरच्या सरकारी पैशाचा अपहार आणि अधिकाऱ्याला न शोभणारे वर्तन. न्यायालयाने अपहाराच्या आरोपातून फ्लिपर यांना निर्दोष मुक्त केले. खोटी माहिती व खोटा धनादेश यांवर आधारलेल्या दुसऱ्या आरोपात मात्र दोषी ठरवले. तत्कालीन युद्धसंहितेच्या ६१ व्या कलमानुसार या दुसऱ्या अपराधाला बडतर्फी ही एकच शिक्षा होती. ती सौम्य करण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांना होता. लष्कराचे मुख्य विधी अधिकारी डेव्हिड स्वेम यांनी शिक्षा कमी करण्याची शिफारस केली. परंतु राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांनी ती न स्वीकारता बडतर्फी कायम केली. ३० जून, इ.स. १८८२ रोजी फ्लिपर यांची लष्करी सेवा संपली. त्या काळात पैशाच्या अपहारात प्रत्यक्ष दोषी ठरलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांनाही सेवेत ठेवल्याची उदाहरणे पुढे अभ्यासकांनी आणि फ्लिपर यांच्या बाजूने अर्ज करणाऱ्यांनी दाखवून दिली.

नागरी जीवन

बडतर्फीनंतर फ्लिपर यांनी एल पासो, मेक्सिको आणि ॲरिझोना येथे भूमापक व खाण-अभियंता म्हणून नाव मिळवले. त्यांचे स्पॅनिश भाषेवर प्रभुत्व होते. मेक्सिकोकडून अमेरिकेकडे आलेल्या प्रदेशात जुन्या स्पॅनिश व मेक्सिकन सनदांच्या आधारे जमिनींवर अनेक दावे सांगितले जात. त्यांतील खरे-खोटे निवडण्यासाठी जुनी दप्तरे वाचणारा आणि जमीन मोजणारा माणूस लागे. फ्लिपर यांच्याकडे ही दोन्ही कौशल्ये होती. इ.स. १८९३ ते १९०१ या काळात त्यांनी अमेरिकी न्याय खात्याचे विशेष प्रतिनिधी म्हणून या दाव्यांचे काम पाहिले आणि स्पॅनिश व मेक्सिकन जमीन कायद्यांचा इंग्रजीत अनुवाद केला. पैशाच्या व्यवहारात अविश्वासार्ह म्हणून ज्या सरकारने त्यांना घालवले, त्याच सरकारने जमिनींच्या मोठमोठ्या दाव्यांची तपासणी त्यांच्यावर सोपवली होती.

नंतरची अनेक वर्षे ते मेक्सिकोतील खाणकंपन्यांकडे होते. इ.स. १९२१ मध्ये गृहविभागाचे मंत्री अल्बर्ट फॉल यांनी त्यांना वॉशिंग्टनमध्ये आपल्या खात्यात साहाय्यक नेमले. फॉल पुढे टीपॉट डोम तेल प्रकरणात अडकले. फ्लिपर यांचा त्या प्रकरणाशी संबंध नव्हता. इ.स. १९२३ पासून त्यांनी व्हेनेझुएलात एका तेलकंपनीसाठी काम केले व त्या देशाच्या खनिज तेलविषयक कायद्यांचाही अनुवाद केला.

नोंद-दुरुस्तीचे प्रयत्न

इ.स. १८९८ मध्ये स्पेनशी युद्ध सुरू झाले, तेव्हा फ्लिपर यांनी पुन्हा सेवेत येण्याची तयारी दाखवली. बडतर्फीचा हुकूम राष्ट्राध्यक्षांच्या संमतीने अंतिम झाला होता आणि लष्कराला तो मागे घेता येत नव्हता. अशा अधिकाऱ्याला पद परत मिळण्याचा त्या काळी रूढ असलेला मार्ग म्हणजे त्या एका व्यक्तीपुरते विधेयक काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांत संमत करून घेणे. त्याच वर्षी असे पहिले विधेयक फ्लिपर यांच्यासाठी मांडले गेले. प्रतिनिधीगृहाच्या लष्करी समितीचे अध्यक्ष जॉन हल यांच्याकडे त्यांनी सविस्तर निवेदन पाठवले. आपल्या वर्णाकडे पाहून दया दाखवावी, अशी त्यांची मागणी नव्हती. खटल्याची कागदपत्रे आणि नंतरच्या वर्षांतील आपले वर्तन पाहून निर्णय व्हावा, असे त्यांचे म्हणणे होते.

ते विधेयक समितीपुढे अडकून पडले. त्यानंतर इ.स. १९२० च्या दशकापर्यंत वेगवेगळ्या सभासदांनी अशीच विधेयके वेळोवेळी मांडली. एकही संमत झाले नाही. मंत्री फॉल यांनीही त्यांच्या बाजूने सिनेटच्या लष्करी समितीला लिहिले, तरी परिणाम झाला नाही. फोर्ट डेव्हिसला त्यांच्यावर कारवाई करणारे शाफ्टर याच काळात क्युबातील अमेरिकी सैन्याचे सेनापती म्हणून प्रसिद्ध झाले होते. इ.स. १९१६ च्या सुमारास फ्लिपर यांनी आपल्या सरहद्दीवरील आयुष्याच्या आठवणी लिहिल्या. त्या ‘नीग्रो फ्रंटियर्समन’ या नावाने इ.स. १९६३ मध्ये, त्यांच्या पश्चात, प्रकाशित झाल्या.

अखेरचा काळ

इ.स. १९३१ पासून फ्लिपर अटलांटात आपले बंधू जोसेफ फ्लिपर यांच्याकडे राहिले. जोसेफ हे आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चचे बिशप होते. इ.स. १९४० मध्ये, वयाच्या ८४ व्या वर्षी हेन्री यांचे निधन झाले. मृत्यूच्या दाखल्यावर व्यवसायाच्या रकान्यात बंधूंनी त्यांची नोंद निवृत्त लष्करी अधिकारी अशी केली. सरकारी दप्तरात मात्र ते अद्याप बडतर्फच होते. त्यांच्या थडग्यावर नावाची शिळाही नव्हती.

मरणोत्तर दुरुस्ती

इ.स. १९४६ च्या कायद्याने व्यक्तिगत विधेयकांची जुनी पद्धत बंद झाली आणि लष्करी नोंदींतील चूक किंवा अन्याय दूर करण्यासाठी नागरी सदस्यांची मंडळे नेमण्याची तरतूद झाली. मृत सैनिकाच्या वारसांनाही अशा मंडळाकडे अर्ज करता येतो. फ्लिपर यांना आयुष्यभर जो मार्ग हवा होता, तो अशा रीतीने त्यांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी खुला झाला.

इ.स. १९७० च्या दशकात जॉर्जियातील एका शाळाशिक्षकाने खटल्याची कागदपत्रे जमवली आणि फ्लिपर यांच्या आप्तांच्या साहाय्याने लष्कराच्या नोंद-दुरुस्ती मंडळाकडे अर्ज केला. मंडळाने इ.स. १९७६ मध्ये निर्णय दिला. दोषी ठरवणारा निकाल रद्द करण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे मंडळाने मानले; मात्र बडतर्फीची शिक्षा अवाजवी कठोर व अन्यायकारक असल्याचा निष्कर्ष काढला. त्यानुसार ३० जून, इ.स. १८८२ ही मूळचीच तारीख कायम ठेवून सन्मान्य सेवामुक्तीचे प्रमाणपत्र देण्यात आले. इ.स. १९७८ मध्ये त्यांचे अवशेष अटलांटाहून थॉमसव्हिल येथे नेऊन लष्करी इतमामाने दफन करण्यात आले.

दोषसिद्धीचा प्रश्न यामुळे सुटला नव्हता. म्हणून इ.स. १९९० च्या दशकात क्षमादानाचा अर्ज करण्यात आला. मृत व्यक्तींच्या अर्जांचा विचार न करण्याचे न्याय खात्याचे धोरण असल्याने आरंभी नकार मिळाला. याच खात्याची फ्लिपर यांनी आठ वर्षे सेवा केली होती. अखेर १९ फेब्रुवारी, इ.स. १९९९ रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी कुटुंबीयांच्या उपस्थितीत फ्लिपर यांना क्षमादान दिले. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी दिलेले हे पहिले मरणोत्तर क्षमादान मानले जाते. कायद्याच्या दृष्टीने क्षमादान म्हणजे निकाल रद्द होणे नव्हे. इ.स. १८८१ चा निकाल कागदोपत्री तसाच आहे. त्याचे परिणाम तेवढे दूर झाले. सेवेत पुनःस्थापना, ही फ्लिपर यांची मूळ मागणी होती, ती मात्र त्यांच्या मृत्यूबरोबरच निकालात निघाली होती.

स्मृती

वेस्ट पॉइंट येथे इ.स. १९७७ मध्ये, पदवीच्या शताब्दीनिमित्त, फ्लिपर यांचा अर्धपुतळा बसवण्यात आला. असाधारण अडचणींना तोंड देऊन नेतृत्व, आत्मसंयम व चिकाटी दाखवणाऱ्या कॅडेटला त्यांच्या नावाचा पुरस्कार तेथे दरवर्षी दिला जातो. त्यांच्यानंतर जॉन अलेक्झांडर (इ.स. १८८७) आणि चार्ल्स यंग (इ.स. १८८९) हे कृष्णवर्णीय कॅडेट पदवीधर झाले, पुढचा पदवीधर होण्यास इ.स. १९३६ साल उजाडावे लागले. त्यांच्या आधी प्रवेश मिळवलेले जेम्स वेब्स्टर स्मिथ यांनाही इ.स. १९९७ मध्ये मरणोत्तर अधिकारपद देण्यात आले. फोर्ट डेव्हिस आता राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जतन करण्यात आले आहे.