राजगृहाचा जमाखर्च

दादरच्या हिंदू कॉलनीतील ‘राजगृह’ या वास्तूपुढे ६ डिसेंबरच्या आसपास रांगा लागतात. चैत्यभूमीवर आलेला माणूस या घराला हात लावल्यावाचून परत जात नाही. वास्तूचे भाग्य म्हणावे असेच हे आहे. परंतु हे घर उभे राहिले कसे, त्यासाठी पैसा आला कोठून आणि तो कोणाच्या पोटाला चिमटा घेऊन साठला, याची चर्चा फारशी होत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या चरित्रातील राजकारणाचा आणि समाजकारणाचा भाग इतका मोठा आहे, की त्यांच्या घरखर्चाची वही कोणी उघडून पाहत नाही. ज्या माणसाने सरकारच्या अर्थकारणावर प्रबंध लिहिले, त्याला स्वतःचे अंदाजपत्रक मात्र वयाच्या पन्नाशीपर्यंत ओढूनताणूनच जमवावे लागले.

कर्ज काढणे आणि ते फेडणे यांचा पहिला पाठ त्यांना घरातच मिळाला. वडील सुभेदार रामजी हे लष्करातून निवृत्त झालेले. पेन्शन तुटपुंजे, कुटुंब मोठे. सन १९०४ च्या सुमारास हे कुटुंब मुंबईत आले आणि लोअर परळ येथील डबक चाळीतील एका खोलीत राहू लागले. त्याच खोलीत चूल, सरपण, भांडीकुंडी, जाते आणि शेळीसुद्धा. मुलाला अभ्यासाला शांतता मिळावी म्हणून रामजी त्याला संध्याकाळी लवकर झोपवीत, स्वतः जागे राहत आणि मध्यरात्र उलटल्यावर त्याला उठवून मग आपण आडवे होत. मुलाला पाठ्यपुस्तकांखेरीज इतर पुस्तकांचीही हाव होती. पैसे नसले की रामजी आपल्या विवाहित मुलींकडे जात. त्यांनी दिलेला दागिना गहाण पडे, पुस्तक घरात येई आणि पेन्शन हाती आले की दागिना सोडवून आणून परत केला जाई. पुस्तकासाठी कर्ज काढावे, पण ते बुडवू नये, ही रीत मुलाने अशी पाहिली.

१९१२ मध्ये हे कुटुंब परळलाच पोयबावडीजवळ इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत आले. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईची दाटी कमी करण्यासाठी १८९८ मध्ये स्थापन झालेल्या ट्रस्टने कामगारांसाठी अशा चाळी बांधल्या होत्या. चाळ क्रमांक एक, दुसरा मजला, ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्या. या दोन खोल्यांचा पत्ता पुढची वीस वर्षे बदलला नाही. कोलंबिया विद्यापीठाची पदवी आली, लंडनची डी.एससी. आली, बॅरिस्टरी आली, मुंबई विधिमंडळाचे सदस्यत्व आले, तरी पत्ता तोच.

बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी दिलेल्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला गेले. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे मुदत आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी, असा करार होता. या रकमेतूनच ते घरी पैसे पाठवीत आणि उरलेल्यातून जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जात. तेथे त्यांनी विकत घेतलेली पुस्तके दोन हजारांच्या घरात गेली होती, असे चरित्रकार नोंदवितात. न्यूयॉर्कच्या वसतिगृहात त्यांना नवल भथेना हा पारशी मित्र मिळाला. या नावाशी पुढे पुन्हा गाठ पडणार आहे.

न्यूयॉर्कहून ते १९१६ मध्ये लंडनला गेले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये तेथील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान आणि ग्रंथ घेऊन येणारे जहाज पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाले. नुकसानभरपाई म्हणून सहाशे रुपये मिळाले. करारानुसार बडोद्याला रुजू होण्यासाठी हाताशी दुसरा पैसा नव्हता. बुडालेल्या पुस्तकांच्या त्या पैशांतूनच घरखर्चाची सोय लावून ते बडोद्याला गेले.

बडोद्यात त्यांनी जे घर शोधले, ते महाराष्ट्रातील प्रत्येक घरमालकाने एकदा वाचावे असे प्रकरण आहे. हिंदू खाणावळीत जागा मिळणे शक्य नव्हते. पारशी विश्रामगृहाच्या व्यवस्थापकाने पारशी नाव नोंदविण्याच्या अटीवर दिवसाला दीड रुपया घेऊन राहण्या-जेवणाची सोय केली. वरच्या मजल्यावर अडगळ भरलेले मोठे दालन, त्यातच एक लहानशी खोली आणि मिणमिणता दिवा. दुसरे कोणीही प्रवासी नाहीत. सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला होता. तो या अधिकाऱ्याकडून त्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला. अकराव्या दिवशी सकाळी ते कचेरीला निघण्याच्या तयारीत असताना लाठ्या घेतलेले डझनभर पारशी जिना चढून आले. विश्रामगृह विटाळल्याचा आरोप ठेवून त्यांनी संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास बजावले. बाबासाहेबांनी दोन मित्रांची दारे ठोठावली. एक हिंदू, एक ख्रिस्ती. एकाने नोकरांची अडचण सांगितली, दुसऱ्याने पत्नीच्या सोवळ्याची. मुंबईची गाडी रात्री नऊला होती. तोपर्यंतचे तास त्यांनी एका सार्वजनिक बागेत बसून काढले.

त्यांच्यापाशी नोकरी होती, भाडे देण्याची तयारी होती, परदेशी विद्यापीठाची पदवी होती. काटकसरीने घर मिळते असे आपण नेहमी म्हणतो. बडोद्यात त्यांना पैसे मोजूनही खोली मिळाली नाही. पुढे त्यांनी स्वतःच्या मालकीचे घर बांधण्याचा निश्चय का केला, याचे एक कारण या दिवसात असावे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. त्यांनी स्वतः तसे म्हटल्याचे मात्र आढळत नाही.

मुंबईला परतल्यावर शिकवण्या झाल्या. शेअरच्या व्यवहारांत सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू झाला आणि सल्लागाराची जात कळताच बंदही पडला. अखेर नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनेहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून दरमहा साडेचारशे रुपयांवर नेमणूक झाली. त्या काळच्या मानाने हा पगार घसघशीत होता. दुसरा कोणी असता तर महिन्याभरात चाळ सोडून एखादा ब्लॉक घेता. बाबासाहेबांनी चाळ सोडली नाही. घरखर्चासाठी ठरावीक रक्कम रमाबाईंच्या हाती देऊन बाकी सर्व लंडनचा अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी बाजूला पडू लागले.

ही नोकरी १९२० च्या मार्चपर्यंत, म्हणजे सुमारे सोळा महिने चालली. या सोळा महिन्यांचा संपूर्ण पगार जोडला तरी बेरीज सात हजारांच्या थोडी पुढे जाते. त्यातून घर चालवून शिल्लक ती किती पडणार? कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी मदतीचा हात दिला आणि उरलेली तूट नवल भथेना यांनी पाच हजार रुपये कर्जाऊ देऊन भरून काढली. बडोद्यात ज्या समाजाच्या लोकांनी लाठ्या उगारल्या, त्याच समाजातील या मित्राने वर्षभराच्या पगाराएवढी रक्कम विश्वासावर दिली. बाबासाहेबांच्या जमाखर्चात ही दोन्ही कलमे शेजारी शेजारी ठेवूनच पाहिली पाहिजेत.

जुलै १९२० मध्ये ते लंडनला निघाले. तेथील दिनक्रम चरित्रग्रंथांतून प्रसिद्ध आहे. सकाळी पावाचा तुकडा आणि पेलाभर पेय, मग पायी चालत ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय. ग्रंथालय उघडण्याच्या वेळी आत शिरायचे आणि बंद होताना बाहेर पडायचे. दुपारच्या जेवणाला बहुतेक वेळा फाटा. रात्री भूक अनावर झाली की एका परिचिताने दिलेले पापड पत्र्यावर भाजून दुधाबरोबर खायचे. बस आणि ट्रामचे पैसे वाचवायचे ते पुस्तकांसाठीच. १९२१ मध्ये एम.एससी., १९२२ मध्ये बॅरिस्टरी आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी.एससी. असा या उपासमारीचा हिशेब लागला. लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरील ज्या दहा क्रमांकाच्या घरात ते भाडेकरू म्हणून राहिले, ते महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये विकत घेऊन स्मारक केले.

मात्र लंडनमधील पापड-दुधाची गोष्ट सांगताना परळच्या चुलीचा विसर पडतो. बाबासाहेबांची काटकसर स्वतः पत्करलेली होती आणि तिच्या अखेरीस पदवी दिसत होती. रमाबाईंना ती वाट्याला आली. पती परदेशात, घरात मुलगा यशवंत, विधवा भावजय, पुतण्या मुकुंद, आणि येणारा पैसा बेताचा. पाच अपत्यांपैकी चार बालपणीच गेली. शेवटचा राजरत्न १९२६ च्या जुलैत गेला, तेव्हा बाबासाहेबांची वकिली नुकती कोठे रुळत होती. रमाबाईंनी कोणताही प्रबंध लिहिला नाही. परंतु पतीच्या ग्रंथांच्या पहिल्या पानांमागे त्यांनी वाचविलेल्या पै-पैचा वाटा होता, हे मान्य करावयास हवे.

१९२३ नंतर उत्पन्नाचे मार्ग वाढत गेले. उच्च न्यायालयातील वकिली, १९२५ पासून १९२८ पर्यंत बाटलीबॉय यांच्या अकौंटन्सी संस्थेत व्यापारी कायद्याचे अध्यापन, त्यानंतर सरकारी विधी महाविद्यालयात प्राध्यापकी. कचेरी परळच्या दामोदर हॉलमध्ये होती. चळवळीचा व्याप याच काळात वाढला. १९२७ चा महाड सत्याग्रह, १९३० चा काळाराम मंदिर सत्याग्रह. मिळालेला पैसा या कामांत आणि पुस्तकांत जाई. चाळीच्या खोलीत आता माणसांना बसायला जागा उरली नव्हती, इतकी पुस्तके झाली होती.

१९३० च्या सुमारास त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत दोन भूखंड घेतले. एकावर स्वतःसाठी घर बांधायचे आणि दुसऱ्यावर भाड्याने देण्यासाठी इमारत, असा बेत होता. त्यासाठी बँकेचे कर्ज काढले. एका हाताने कर्जाचा बोजा घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने भाड्याचे उत्पन्न उभे करायचे, ही योजना अर्थशास्त्रज्ञाला शोभणारी होती. आज दुसरा फ्लॅट घेऊन भाड्यातून हप्ते भागविणाऱ्यांना ती नवी वाटणार नाही. परंतु चाळीतील दोन खोल्यांतून थेट या योजनेवर उडी घेणे धाडसाचेच होते. १९३१ ते १९३३ या काळात दोन्ही बांधकामे झाली. याच काळात बाबासाहेब गोलमेज परिषदांसाठी वारंवार लंडनला होते आणि मध्ये १९३२ च्या सप्टेंबरमध्ये पुणे करार झाला. घरमालक विलायतेत, गवंडी दादरला, अशी ही बांधणी. परततानाही ते पुस्तकांच्या पेट्या घेऊनच आले. नव्या घरातील मोठा भाग ग्रंथालयासाठीच आखलेला होता. माणसांनी पुस्तकांच्या कडेने राहावे, असा तो नकाशा.

राहत्या घराला नाव दिले ‘राजगृह’. मगधाच्या प्राचीन राजधानीचे हे नाव, बिंबिसाराचे आणि बुद्धाच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या नगरीचे. धर्मांतराची घोषणा अजून व्हायची होती, तेव्हा दारावर हे नाव लागले. भाड्याच्या इमारतीचे नाव ‘चारमिनार’.

१९३३-३४ च्या सुमारास कुटुंब परळ सोडून राजगृहात आले. रमाबाईंची प्रकृती तोवर पार ढासळली होती. स्वतःच्या घराचे सुख त्यांना दोन वर्षेही लाभले नाही. २७ मे १९३५ रोजी राजगृहातच त्यांचा अंत झाला. वीस वर्षे जिच्या काटकसरीवर हे घर उभे राहिले, तिने त्यात काढलेले दिवस बहुतांशी आजारपणाचे होते. या हिशेबाची भरपाई कशानेही होण्यासारखी नव्हती, आणि बाबासाहेब त्या वेळी किती कोसळले होते याची वर्णने त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहून ठेवली आहेत.

पुढे १९३५ च्या जूनमध्ये ते सरकारी विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. उत्पन्न बरे होते. पण पक्ष, वृत्तपत्रे आणि ग्रंथखरेदी यांपुढे ते पुरे पडत नसे. कर्ज डोक्यावर होतेच. अखेर ९ मे १९४१ रोजी त्यांनी ‘चारमिनार’ विकली. कर्जाची फेड करणे आणि पुस्तकांसाठी पैसा मोकळा करणे, असा दुहेरी हेतू त्यामागे होता. व्यवहारी माणसाने उत्पन्न देणारी इमारत राखली असती आणि खर्चच करायला लावणारी, कपाटांनी भरलेली वास्तू काढून टाकली असती. बाबासाहेबांनी नेमके उलट केले. राजगृहाला त्यांनी हात लावला नाही.

१९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून ते दिल्लीला गेले. पृथ्वीराज रोडचा सरकारी बंगला मिळाला. १९५१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिल्यावर सरकारी निवासस्थान सोडावे लागले आणि ते अलीपूर रोडवरील २६ क्रमांकाच्या, सिरोहीच्या राजांच्या मालकीच्या घरात राहू लागले. दिल्लीत त्यांनी स्वतःचे घर केले नाही. याच काळात मुंबईत पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि सिद्धार्थ महाविद्यालय यांची उभारणी झाली. पुस्तकांची खरेदी मात्र अखेरपर्यंत चालू होती. त्यांच्या संग्रहाची संख्या पन्नास हजारांच्या वर गेल्याचे सांगितले जाते.

६ डिसेंबर १९५६ रोजी अलीपूर रोडच्या त्या घरात त्यांचे निधन झाले. पार्थिव विमानाने मुंबईला आणण्यात आले आणि त्या रात्री हिंदू कॉलनीत राजगृहात ठेवण्यात आले. परळच्या चाळींतून, गिरण्यांतून आणि गावोगावाहून आलेली माणसे रात्रभर त्या गल्लीत उभी होती. दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रा येथूनच दादरच्या चौपाटीकडे निघाली.