धुराला वेसण घालणारे कॉट्रेल

भिलाई, कोरबा, बोकारो अशा गावी संसार थाटलेल्या मराठी कुटुंबांना कारखान्याच्या चिमणीची ओळख करून देण्याचे कारण नाही. गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर राखेचा थर दिसला की आज ‘ईएसपी’ रुसला आहे, हे घरातल्या लहानथोरांना कळते. मात्र हे यंत्र प्रथम व्यवहारात उतरविणाऱ्या फ्रेडरिक गार्डनर कॉट्रेल यांचे नाव, त्याच यंत्रावर हयात घालविलेल्यांनाही क्वचितच ठाऊक असते.

कॉट्रेल यांचा जन्म 10 जानेवारी 1877 रोजी कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे झाला. बर्कली येथील विद्यापीठाची पदवी 1896 साली मिळाल्यावर त्यांनी ओकलंडच्या शाळेत काही वर्षे रसायनशास्त्र शिकविले. पुढे ते जर्मनीस गेले, बर्लिन येथे व्हान्ट हॉफ व लाइपझिग येथे ओस्टवाल्ड अशा थोर गुरूंच्या सहवासात राहिले आणि 1902 साली डॉक्टरेट घेऊन बर्कलीस अध्यापक म्हणून परतले. विद्युत्‌रसायनाच्या अभ्यासकांना त्यांच्या नावाचे समीकरण परिचित आहे. ते याच सुमाराचे.

सन 1906 च्या आसपास सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या काठी पिनोल येथील गंधकाम्लाच्या कारखान्याची एक अडचण त्यांच्यापुढे आली. तेथे प्लॅटिनम हे उत्प्रेरक म्हणून वापरीत. वायूबरोबर येणाऱ्या अम्लाच्या सूक्ष्म तुषारांतून आर्सेनिक वाहत येई आणि प्लॅटिनम निकामी करी. हे तुषार इतके बारीक की कोणत्याही गाळणीला दाद देत नसत. गरगर फिरवून ते वेगळे करण्याचा प्रयत्न कॉट्रेल यांनी केला. तो जमेना, तेव्हा ते विजेकडे वळले.

कल्पना नवी नव्हती. विजेने धूर खाली बसतो, हे होहलफेल्ड यांनी लाइपझिग येथे 1824 सालीच दाखविले होते. इंग्लंडचे सर ऑलिव्हर लॉज यांनी 1885 साली वेल्समधील बॅगिल्ट येथे शिशाच्या भट्टीवर प्रत्यक्ष प्रयोगही केला. त्यांच्या हाती होते ते घर्षणाशिवाय वीज साठविणारे, काचेच्या चकत्यांचे विमशर्स्ट यंत्र. कारखान्याच्या धुराला पुरेल एवढा प्रवाह त्यातून मिळेना आणि प्रयोग फसला. लॉज यांची बुद्धी उणी पडली असे मी म्हणणार नाही. काळच त्यांच्या मागे होता.

कॉट्रेल यांच्या वेळी ट्रान्सफॉर्मर आला होता. त्यांनी त्याला प्रवाहाच्या तालावर फिरणारे यांत्रिक दिष्टकारक जोडले. दिशा बदलणाऱ्या प्रवाहात धुळीचा कण नुसता जागच्या जागी डोलतो. त्याला एकाच बाजूस खेचायचे तर वीज एकदिश हवी. दुसरी गोष्ट त्यांना योगायोगाने गवसली. एका संध्याकाळी अंधूक प्रकाशात कापसाच्या सुताने वेढलेली साधी तार सबंध लांबीभर जांभळट तेजाने उजळलेली त्यांना दिसली. सुताचे असंख्य तंतू म्हणजे असंख्य सूक्ष्म टोके होती आणि प्रत्येक टोकातून वीज हवेत पाझरत होती. मग अम्लात टिकावेत म्हणून त्यांनी अ‍ॅस्बेस्टॉस व अभ्रकाचे लवदार विद्युदग्र केले. या पद्धतीचे पेटंट 1908 साली मिळाले.

आता यंत्राच्या स्वभावाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण सारे मर्म तेथेच आहे. उभ्या पत्र्यांच्या ओळींमध्ये तारा टांगलेल्या असतात. तारांना हजारो व्होल्टचा ऋण दाब दिला की त्यांच्याभोवतीची हवा विद्युत्‌भारित होते. तो भार धुळीवर चढतो आणि धूळ पत्र्यांकडे ओढली जाते. दाब थोडा वाढला तरी ओढ पुष्कळ वाढते, कारण कणावरचा भार आणि त्याला खेचणारे बल ही दोन्ही एकदम वाढतात. तेव्हा दाब जितका अधिक तितके बरे. पण एका मर्यादेपलीकडे तारेतून पत्र्यावर ठिणगी पडते, दाब क्षणात कोसळतो आणि तेवढ्यात धूर निसटतो. ही मर्यादा तरी कोठे स्थिर असते? वायूची उष्णता, ओल, धुळीचे प्रमाण बदलले की तीही सरकते. म्हणून दाब सतत ठिणगीच्या उंबरठ्यावर ठेवावा लागतो. आरंभीच्या काळात माणूस जवळ उभा राहून ठिणग्यांच्या कडकडाटाकडे कान देई आणि ट्रान्सफॉर्मरचे टप्पे हाताने बदली. पुढे हे काम स्वयंचलित नियंत्रकांकडे गेले. ठिणगी पडताच ते वीज क्षणभर रोखतात आणि दाब पुन्हा हळूहळू चढवीत नेतात.

आपल्याकडच्या कोळशाने तर हा खेळ आणखी अवघड केला आहे. त्यात राख भरपूर, गंधक मात्र थोडे. त्यामुळे राखेतून वीज सहजी वाहत नाही. पत्र्यावर साचलेल्या थरातच भार कोंडतो आणि तेथून उलट विसर्जन सुरू होते. अशा वेळी दाब वाढविला तर सफाई घटते! म्हणून नियंत्रक वीज अखंड न देता विश्रांती घेत घेत देतात. भारतात डिसेंबर 2015 मध्ये औष्णिक केंद्रांसाठी धुळीच्या नव्या मर्यादा ठरल्या. त्यांनुसार 2017 नंतरच्या संचांना घनमीटरमागे 30 मिलिग्रॅमचीच मुभा आहे. यावरून नियंत्रकावर केवढा भार पडतो हे ध्यानी येईल.

पिनोलनंतर जवळच्या सेल्बी येथील धातू गाळण्याच्या कारखान्यात कॉट्रेल यांचे यंत्र बसले. तेथील धुरामुळे पलीकडच्या काठावरचे शेतकरी न्यायालयात गेले होते. रिव्हरसाइड येथे सिमेंटची धूळ संत्र्यांच्या बागांवर बसे. वॉल्टर श्मिट यांनी तेथे बारीक तारांचे सुधारित यंत्र उभारले. पहिल्या महायुद्धात जर्मनीचे पोटॅश बंद झाले, तेव्हा याच टाकाऊ धुळीतून पोटॅश काढण्यात आले. बागाईतदार निवांत झाला आणि कारखानदारालाही चार पैसे सुटले.

या पेटंटांवर कॉट्रेल गबर होऊ शकले असते. त्यांनी तसे केले नाही. स्मिथ्सोनियन संस्थेचे चार्ल्स वॉल्कॉट यांच्या साह्याने त्यांनी 1912 साली न्यूयॉर्क येथे ‘रिसर्च कॉर्पोरेशन’ स्थापन केली आणि पेटंटांचे हक्क तिच्या हवाली केले. नफा भागधारकांना न वाटता संशोधनास द्यावयाचा, असा तिचा नियम होता. रॉबर्ट गोडार्ड यांच्या अग्निबाणांना तिचे साह्य झाले. 1931 साली अर्नेस्ट लॉरेन्स यांच्या सायक्लोट्रॉनसाठी तिने 5,000 डॉलर दिले. लॉरेन्स यांना 1939 साली नोबेल पारितोषिक मिळाले. चिमण्यांच्या काजळीतून अणुविज्ञानाची वाट उजळावी, हा योग मला विलक्षण वाटतो.

स्वतः कॉट्रेल सरकारी नोकरीतच रमले. खाण विभागात असताना महायुद्धकाळात हेलियम वायू मिळविण्याच्या कामी त्यांनी पुढाकार घेतला. 1920 साली ते त्या विभागाचे काही काळ संचालक होते. 1922 ते 1930 या काळात नायट्रोजन-स्थिरीकरणाची राष्ट्रीय प्रयोगशाळा त्यांच्याकडे होती. जगातील सर्व लोकांना समजेल अशी एखादी साहाय्यक भाषा असावी, या विचारानेही त्यांना कायमचे झपाटले होते. परभाषिकांच्या प्रांतात राहणाऱ्या आपणांस ही तळमळ अपरिचित वाटू नये.

16 नोव्हेंबर 1948 रोजी बर्कली येथे नॅशनल अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसची बैठक भरली होती. कॉट्रेल श्रोत्यांत बसले होते; तेथेच त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. त्यांची संस्था आजही महाविद्यालयांत शिकवीत संशोधन करणाऱ्या तरुण अध्यापकांना त्यांच्या नावाने अर्थसाह्य देते.