बार्शीच्या गिरणीतला महबूब पटेल 'शाहीर अमर शेख' झाला आणि त्याच्या पथकाच्या आवाजाला सरकारही घाबरलं

चार पोरं एकत्र येतात, स्वतःची गाणी स्वतःच लिहितात, स्वतःच चाली लावतात. पाठीशी ना मोठी कंपनी, ना स्पॉन्सर. मिळेल त्या मैदानात उभं राहून गातात आणि थेट सत्तेशी पंगा घेतात. आजच्या भाषेत याला इंडिपेंडंट बँड म्हणतात. असा बँड म्हटला की डोळ्यासमोर गिटार, ड्रम आणि लांब केस येतात.

पण महाराष्ट्रात असा एक बँड ऐंशी वर्षांपूर्वीच होऊन गेला. गिटारच्या जागी तुणतुणं होतं, ड्रमच्या जागी डफ आणि ढोलकी. बँडचं नाव होतं लाल बावटा कलापथक आणि या बँडचा मुख्य आवाज होता सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचा.

शाहीर अमर शेख.

नाव ऐकलेलं असतं, फोटोही कुठंतरी पाहिलेला असतो. पण हा माणूस नेमका कोण होता, त्याचं पथक कसं उभं राहिलं आणि पुढं त्याचं काय झालं, ही गोष्ट फार जणांना माहीत नसते.

आईच्या ओव्या आणि गिरणीचा भोंगा

२० ऑक्टोबर १९१६. बार्शीत एका गरीब मुसलमान घरात पोरगा जन्माला आला. नाव ठेवलं महबूब. महबूब हुसेन पटेल.

घरची परिस्थिती बेताची. पोराला वाढवलं ते आई मुनेरबीनं. या माऊलीकडं पैसा नव्हता, पण मराठी ओव्यांचा आणि लोकगीतांचा मोठा साठा होता. महबूबची पहिली संगीतशाळा म्हणजे आईचा गळा. पुढं लाखालाखाच्या सभा हलवणारा आवाज मुळात तिथला.

बार्शीचं भगवंताचं देऊळ प्रसिद्ध, तसाच तिथला बाजारही. पण त्या काळात सोलापूर काय आणि बार्शी काय, दोन्हीकडं गिरण्यांचा भोंगा वाजला की दिवस सुरू व्हायचा. महबूबनं आधी मोटारीवर क्लीनर म्हणून काम केलं, मग तो गिरणीत लागला.

तो काळही साधा नव्हता. मे १९३० मध्ये सोलापूर इतकं पेटलं की इंग्रजांना शहरात मार्शल लॉ पुकारावा लागला. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना येरवड्यात फाशी दिलं गेलं. लिंगायत, मुसलमान, मराठा, मारवाडी असे चार घरांतले चार जण एकाच दिवशी गेले. महबूब तेव्हा जेमतेम चौदा वर्षांचा होता. ज्या जिल्ह्यात हे घडलं, त्याच जिल्ह्यात तो वाढत होता.

साहजिकच पोरगा चळवळीत ओढला गेला. बार्शीच्या गिरणी कामगारांच्या लढ्यात तो पुढं होता, त्यातून तुरुंगवास झाला आणि रवानगी झाली विसापूरच्या जेलमध्ये. तिथं त्याला कॉम्रेड रघुनाथ कऱ्हाडकर भेटले. मजुराची गरिबी नशिबानं येत नाही, त्यामागं एक व्यवस्था असते, हा विचार त्याला जेलमध्ये मिळाला. आत गेला तेव्हा तो संपातला कामगार होता, बाहेर आला तो कम्युनिस्ट होऊन.

महबूबचा 'अमर' कसा झाला?

जेलमधून सुटल्यावर पोटाचा प्रश्न होताच. महबूबनं गाठलं कोल्हापूर. त्या वेळी कोल्हापूर म्हणजे मराठी सिनेमाची पंढरी. मास्टर विनायकांच्या स्टुडिओत त्याला काम मिळालं.

तिथल्या मित्रमंडळींनी त्याचं नवं नाव ठेवलं, अमर शेख. अर्धं नाव हिंदूंच्या घरातलं वाटावं, अर्धं मुसलमानांच्या. पुढं आयुष्यभर हेच नाव चिकटलं आणि महबूब पटेल मागं पडला.

सिनेमात तो रमू शकला असता, पण डोक्यात चळवळ होती. तो मुंबईला आला आणि पक्षाच्या कामाला लागला.

बँड जमला तो असा

मुंबईच्या गिरणगावात तेव्हा कोकण आणि घाटावरून आलेले लाखो कामगार राहायचे. परळ, लालबाग, भायखळ्याच्या चाळींत दहा बाय दहाच्या खोलीत दहा-दहा माणसं. यातल्या कित्येकांना वाचता येत नव्हतं. त्यांच्यापर्यंत पत्रक पोचत नव्हतं आणि भाषण डोक्यावरून जात होतं. पण पोवाडा, लावणी, तमाशा, भारुड हे सगळं त्यांनी गावाहून सोबत आणलं होतं.

हे बरोबर ओळखलं तीन माणसांनी. सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे, शाहीर द. ना. गवाणकर आणि अमर शेख. १९४४ च्या सुमारास या तिघांनी मिळून लाल बावटा कलापथक उभं केलं.

कामाची वाटणी आपोआप झाली. अण्णाभाऊंची लेखणी म्हणजे धार. गवाणकर स्वतः शाहीर आणि पथकाचा मोठा आधार. आणि अमर शेखांचा आवाज. उंच, पहाडी, मैदानाच्या शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसालाही थेट भिडणारा.

पोवाड्याची रचना बघितली तर आजच्या लाइव्ह शोसारखीच. मुख्य शाहीर कथा गात पुढं नेतो, मागं उभे असलेले झीलकरी सूर धरतात आणि मधेच शाहीर गाणं थांबवून गद्यात बोलतो, लोकांना प्रश्न विचारतो, हसवतो, चिडवतो. मग डफावर थाप पडते आणि गाणं पुन्हा उसळतं. ऐकणारा नुसता ऐकत राहत नाही, तोही त्यात सामील होतो.

राम जोशींसारखे सोलापूरचे शाहीर पेशवाईच्या काळात हीच कला गाजवत होते. या तिघांनी साचा तोच ठेवला आणि आतला माल बदलला. तमाशात सुरुवातीला गणपतीचा गण असतो. अण्णाभाऊंनी त्या जागी मातृभूमीला आणि कष्टकऱ्यांना वंदन करायला सुरुवात केली. गौळणीची छेडछाड गेली. राजा आणि प्रधानाच्या वगात सावकार, शेटजी आणि पुढारी आले. 'अकलेची गोष्ट', 'शेटजींचं इलेक्शन', 'देशभक्त घोटाळे' ही नावं वाचली तरी अंदाज येतो.

बंगालचा दुष्काळ, स्टालिनग्राडची लढाई, अमळनेरचा गोळीबार, फाळणीतले दंगे, जगात आणि देशात जे घडेल ते काही दिवसांत पथकाच्या गाण्यात यायचं. ज्यांच्या घरात ना पेपर येत होता ना रेडिओ होता, त्यांच्यासाठी हीच न्यूज फीड होती.

बंदी आली, पण पथक थांबलं नाही

स्वातंत्र्य मिळालं, राज्यकर्ते बदलले. पण कलापथकाचा सूर बदलला नाही. कामगाराच्या खोलीत अजून अंधार का आहे, हा त्यांचा प्रश्न कायम होता.

मुंबई राज्याच्या सरकारला हे परवडणारं नव्हतं. मोरारजी देसाई यांच्या काळात तमाशावर बंदी आली, लाल बावटा कलापथकाच्या कार्यक्रमांवरही बडगा उगारला गेला. यावर पथकानं काढलेला तोडगा भारी होता. तमाशाला बंदी आहे ना, मग आम्ही तमाशा करतच नाही, आम्ही करतो लोकनाट्य. नाव बदललं, आशय तोच राहिला. आज मराठीत सर्रास वापरला जाणारा लोकनाट्य हा शब्द रुळला तो याच भांडणातून.

याच धामधुमीत अमर शेखांचं लग्न झालं, १९४७ साली, कुसुम जयकर यांच्याशी. साल लक्षात घ्या. देशाची फाळणी होत होती, धर्माच्या नावानं माणसं कापली जात होती आणि एक मुसलमान शाहीर आणि एक हिंदू मुलगी संसार मांडत होते.

बँड फुटतो तेव्हा

जगातल्या बहुतेक बँडच्या गोष्टीत एक वळण येतंच. ते इथंही आलं.

लाल बावटा कलापथक पक्षाच्या झेंड्याखाली होतं. त्यामुळं पक्षात वाद झाले की त्याची झळ पथकाला बसायची. आणि कलावंताचं एक दुखणं असतं, गळा माझा पण गाणं कोणाचं? पक्षाच्या शिस्तीत बसणं आणि मनाला येईल ते गाणं, यातली ओढाताण वाढत गेली. तिघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. अमर शेखांनी स्वतःच्या नावाचं कलापथक काढलं आणि ते गावोगाव फिरू लागले.

स्वतंत्र पथक चालवणं म्हणजे काय, याचा विचार करा. वादक, झीलकरी, त्यांची घरं, प्रवास, जेवण, सगळ्याचा भार एकाच माणसावर. सुपारी मिळाली तर चूल पेटणार. नाव महाराष्ट्रभर झालं होतं, पण पैसा काही पाठोपाठ आला नाही.

याच काळात त्यांच्यातला लेखक बाहेर आला. १९५१ साली 'अमरगीत' हा गीतसंग्रह आणि 'पहिला बळी' हे नाटक, १९५८ ला 'कलश' आणि १९६३ ला 'धरतीमाता' हे कवितासंग्रह. आचार्य अत्र्यांच्या 'महात्मा फुले' या सिनेमात आणि 'प्रपंच' या १९६१ च्या सिनेमात ते पडद्यावरही दिसले. रशियन क्रांतीचा कवी मायकोव्हस्की याच्याशी अत्र्यांनी त्यांची तुलना केली होती.

संयुक्त महाराष्ट्र आणि पुन्हा एकच मंच

फुटलेला बँड पुन्हा एकत्र आला तो एका मोठ्या कारणासाठी.

१९५५ साली राज्य पुनर्रचनेचा विषय तापला. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही, असा दिल्लीचा सूर दिसू लागला. मुंबईत फ्लोरा फाउंटनला आणि इतरत्र गोळीबार झाले, शंभराहून जास्त माणसं या लढ्यात गेली. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली आणि डाव्यांपासून समाजवाद्यांपर्यंत सगळे एका छताखाली आले.

पुढाऱ्यांची भाषणं होतीच. पण सभेला माणसं जमवणं आणि भाषण सुरू होईपर्यंत त्यांना धरून ठेवणं, हे काम शाहिरांचं. अण्णाभाऊ, गवाणकर, आत्माराम पाटील आणि अमर शेख यांनी महाराष्ट्र पिंजून काढला. अण्णाभाऊंची 'माझी मैना' ही छक्कड याच काळातली. गावाकडं राहिलेल्या बायकोच्या विरहात मुंबईपासून तुटणाऱ्या महाराष्ट्राचं दुःख मिसळलेलं हे गाणं अमर शेखांच्या आवाजात सभांमधून घुमलं आणि लोकांच्या तोंडी बसलं.

१ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला. बेळगाव, कारवार मात्र बाहेरच राहिले.

अमर शेख थांबले नाहीत. गोवा मुक्तीच्या लढ्यासाठी ते गायले. १९६२ ला चीननं आक्रमण केलं तेव्हा संरक्षण निधीसाठी त्यांनी कार्यक्रम केले. ज्या माणसाला कधी सरकारनं देशविरोधी म्हणून पाहिलं, तोच आता सैनिकांसाठी झोळी फिरवत होता.

१९६९ चे ते अकरा आठवडे

१३ जून १९६९ ला आचार्य अत्रे गेले. १८ जुलैला अण्णाभाऊ साठे गेले, तेही हलाखीच्या परिस्थितीत. त्यानंतर बरोबर ४२ दिवसांनी, २९ ऑगस्टला, इंदापूरजवळ झालेल्या अपघातात अमर शेख गेले. वय अवघं ५२. ज्या पुणे-सोलापूर भागातल्या रस्त्यांवरून त्यांनी उभं आयुष्य पथक फिरवलं, त्याच भागात ते थांबले.

महाराष्ट्र मिळवून देणाऱ्या तीन मोठ्या आवाजांना अकरा आठवड्यांत काळानं नेलं.

तेव्हा त्यांची मुलगी मलिका १२ वर्षांची होती. पुढं ती कवयित्री झाली, दलित पँथरच्या नामदेव ढसाळांशी तिचं लग्न झालं आणि 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' या आत्मचरित्रानं मराठी साहित्यात खळबळ उडवली. तिनं आयुष्यभर नाव लावलं ते मलिका अमर शेख. मित्रांनी स्टुडिओत गमतीनं दिलेलं नाव घराण्याचं आडनाव होऊन बसलं.

आज मुंबई विद्यापीठात शाहीर अमर शेखांच्या नावानं अध्यासन आहे. पण पोवाडा हा मुळात कागदावर राहणारा प्रकार नाही. शाहीर गेला की त्याचा सूर, थांबणं, हातवारे, लोकांकडं बघणं, हे सगळं त्याच्यासोबत जातं. छापलेल्या ओळी हातात राहतात, आवाज राहत नाही. म्हणून ज्यांनी त्यांना मैदानात ऐकलं ते शेवटपर्यंत सांगत राहिले आणि ज्यांनी ऐकलं नाही त्यांना ते पटवणं अवघड जातं.

तरीही एक गोष्ट उरतेच. पुढच्या वेळी मोर्चात कोणी डफावर थाप मारून व्यवस्थेला प्रश्न विचारताना दिसलं, तर त्या थापेमागं बार्शीच्या मुनेरबीच्या ओव्याही असतात, एवढं लक्षात ठेवायचं.