राष्ट्राध्यक्ष होण्याआधी लिंकन होते आमदार. ७७ विरुद्ध ६ च्या मतदानात काय घडलं?

अब्राहम लिंकन १८३२ मध्ये इलिनॉय राज्याच्या प्रतिनिधिगृहाची निवडणूक हरले. १८३४ मध्ये, वयाच्या २५व्या वर्षी, ते जिंकले आणि सलग चार वेळा आमदार झाले.

कर्ज काढून रेल्वे आणि कालवे बांधण्याच्या योजनेला त्यांनी पाठिंबा दिला. १८३७च्या मंदीनंतर योजना कोलमडली आणि राज्य कर्जात बुडालं.

त्याच वर्षी सभागृहात गुलामगिरीविरोधी संघटनांचा निषेध करणारा ठराव आला. तो ७७ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला. विरोध करणाऱ्या सहांत लिंकन होते. मार्चमध्ये आमदार डॅन स्टोन यांच्यासह त्यांनी लेखी निवेदन दिलं: गुलामगिरी अन्यायावर उभी आहे. मात्र ती संपवण्याच्या प्रचाराने त्रास वाढतो, असंही त्यात होतं.

२६ वर्षांनी, १८६३ मध्ये, मुक्तीच्या जाहीरनाम्यावर सही लिंकन यांचीच होती.