काशीचे गणिताचार्य बापूदेवशास्त्री

प्राचीन काळापासून काशी ही विद्येची नगरी म्हणून ओळखली जाते. वेद, व्याकरण, न्याय, ज्योतिष अशा शास्त्रांच्या अध्ययनासाठी देशाच्या सर्व भागांतून विद्यार्थी तेथे जात. महाराष्ट्रातील अनेक विद्वान घराणी तर पिढ्यानपिढ्या काशीतच स्थायिक झाली होती. एकोणिसाव्या शतकात याच नगरीत एका महाराष्ट्रीय शास्त्र्यांनी गणित आणि ज्योतिष यांच्या अध्यापनाला नवी दिशा दिली. आपली जुनी विद्या आणि युरोपातील नवे शास्त्र एकाच वर्गात शिकवता येईल काय, हा त्या काळातील मोठा प्रश्न होता. या प्रश्नाला ज्यांनी आपल्या आयुष्याने उत्तर दिले ते विद्वान म्हणजे बापूदेवशास्त्री.

बापूदेवशास्त्री यांचा जन्म १८२१ मध्ये झाला. त्यांच्या वडिलांचे नाव सीताराम. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात गोदावरीच्या काठी वसलेले टोके हे त्यांच्या घराण्याचे गाव. त्यांचे मूळ नाव नृसिंह. परंतु बापूदेव हेच नाव पुढे सर्वत्र रूढ झाले. त्यांचे आरंभीचे शिक्षण नागपूर येथे मराठी शाळेत झाले. तेथेच पंडित ढुंढिराज मिश्र यांच्याकडे त्यांनी भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ या ग्रंथांचे अध्ययन केले. अंकगणितातील आणि बीजगणितातील अवघड उदाहरणे सोडवण्यात हा तरुण विद्यार्थी लवकरच निष्णात झाला.

त्या वेळी मध्य भारतात सिहोर येथे लान्सलॉट विल्किन्सन नावाचे इंग्रज अधिकारी होते. शिक्षण हा त्यांच्या विशेष आस्थेचा विषय होता. लोकांना नवे खगोलशास्त्र शिकवायचे असेल तर ते एकदम परक्या भाषेत आणि परक्या ग्रंथांतून शिकवू नये, असे त्यांचे मत होते. भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’सारख्या ग्रंथांत पृथ्वी गोल आहे आणि ती कशाच्याही आधाराशिवाय अवकाशात राहते, असे सांगितले आहे, ग्रहणांची कारणेही तेथे गणिताने स्पष्ट केली आहेत. पृथ्वी सपाट आहे असे मानणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्याच आचार्यांचा हा विचार आधी समजला, तर तेथून कोपर्निकसच्या सूर्यकेंद्री मतापर्यंत जाणे त्याला सोपे होते. आपले हे विचार विल्किन्सन यांनी १८३४ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहून मांडले आणि सिहोरच्या पाठशाळेत प्रत्यक्ष प्रयोगही केला. या कार्यात त्यांना सुबाजी बापू या महाराष्ट्रीय शास्त्र्यांचे साहाय्य होते. सुबाजी बापूंनी पुराणांतील, सिद्धान्तग्रंथांतील आणि कोपर्निकसच्या विश्वरचनेची तुलना करणारा ग्रंथ मराठीत लिहिला.

१८३८ मध्ये विल्किन्सन यांनी बापूदेवांची परीक्षा घेतली. त्यांची बुद्धिमत्ता पाहून ते प्रसन्न झाले आणि त्यांना सिहोरला घेऊन गेले. तेथे बापूदेवांनी पंडित सेवाराम यांच्याकडे रेखागणित शिकून घेतले, सिद्धान्तग्रंथांचा अभ्यास केला आणि युरोपीय विज्ञानाचाही परिचय करून घेतला. थोड्याच वर्षांत विल्किन्सन यांच्या शिफारशीने काशीच्या शासकीय संस्कृत महाविद्यालयात त्यांची अध्यापक म्हणून नेमणूक झाली. तेव्हा त्यांनी वयाची जेमतेम विशी गाठली होती.

हे महाविद्यालय जोनाथन डंकन यांनी १७९१ मध्ये स्थापन केले होते. १८४६ मध्ये जेम्स बॅलंटाइन हे तेथील प्राचार्य झाले. त्यांच्या काळात या संस्थेत अध्यापनाचा एक वेगळा उपक्रम सुरू झाला. पंडितांनी इंग्रजीतील शास्त्रे समजून घ्यावी, युरोपीय अध्यापकांनी संस्कृत शास्त्रांचा अभ्यास करावा आणि दोघांनी मिळून नवे ज्ञान संस्कृत परिभाषेत मांडावे, अशी ती योजना होती. विठ्ठलशास्त्री या पंडितांनी बेकन या इंग्रज तत्त्ववेत्त्याच्या ग्रंथाचा काही भाग याच उपक्रमात संस्कृतमध्ये आणला. गणित आणि ज्योतिष या विषयांची धुरा बापूदेवशास्त्री यांनी वाहिली.

ही योजना सर्वांना मान्य नव्हती. १८५३ मध्ये बॅलंटाइन यांनी कोलकात्याच्या संस्कृत महाविद्यालयाची पाहणी करून काही सूचना केल्या, तेव्हा तेथील प्राचार्य ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी त्यांना विरोध केला. जुन्या आणि नव्या मतांचा ओढूनताणून मेळ घालू नये, विद्यार्थ्यांनी इंग्रजी ग्रंथ थेट वाचावेत, असे त्यांचे म्हणणे होते. मेळ घालण्याच्या भरात सत्याची हानी होण्याचे भय होते आणि विद्यासागरांची शंका निराधार नव्हती. बापूदेवशास्त्री यांचे कार्य महत्त्वाचे ठरते ते याच ठिकाणी. दोन शास्त्रांची मते जुळत नसतील, तर गणित आणि प्रत्यक्ष निरीक्षण यांच्या कसोटीवर दोन्ही तपासून पाहावी, हा मार्ग त्यांनी स्वीकारला.

अध्यापनासाठी योग्य पुस्तके हवीत, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून त्यांनी रेखागणित आणि त्रिकोणमिती या विषयांवर संस्कृतमध्ये लेखन केले, तर अधिक विद्यार्थ्यांना लाभ व्हावा म्हणून बीजगणितावरील पुस्तक हिंदीत लिहिले. काशीच्या मानमंदिरात राजा सवाई जयसिंह यांच्या वेधशाळेतील जी यंत्रे आहेत, त्यांचेही वर्णन त्यांनी लिहून ठेवले. ‘सूर्यसिद्धान्त’ या प्राचीन ग्रंथाचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १८६१ मध्ये कोलकात्याहून प्रसिद्ध झाले. विल्किन्सन यांचे १८४१ मध्येच निधन झाले होते. त्यांनी केलेले ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायाचे भाषांतर बापूदेवांनी तपासून शुद्ध केले आणि त्याच वर्षी ते प्रकाशात आले. आपल्या मार्गदर्शकाचे ऋण त्यांनी अशा रीतीने फेडले.

१८५८ मध्ये त्यांनी एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात एक महत्त्वाचा लेख लिहिला. चंद्राची गती प्रत्येक क्षणी सारखी नसते. म्हणून एखाद्या विशिष्ट क्षणाची गती काढण्याची रीत भास्कराचार्यांनी दिली आहे. या रीतीत आधुनिक गणितातील चलनकलनाचे तत्त्व आहे, असे बापूदेवांनी प्रतिपादन केले. भास्कराचार्यांचा हा ग्रंथ ११५० मधील, म्हणजे न्यूटनच्या पाचशेहून अधिक वर्षे आधीचा. विल्यम स्पॉटिसवुड या इंग्रज गणितज्ञांनी १८६० मध्ये या दाव्याचे परीक्षण केले. भास्कराचार्यांच्या रीतीचे चलनकलनाशी असलेले साम्य त्यांनी मान्य केले. मात्र अत्यंत सूक्ष्म राशींची जी कल्पना चलनकलनात मूलभूत आहे, ती तेथे स्पष्टपणे आढळत नाही, असेही त्यांनी दाखवून दिले. काशीतील शास्त्री आणि लंडनमधील गणितज्ञ यांनी एका भारतीय ग्रंथाची अशी चिकित्सा करावी, ही गोष्ट त्या काळात विशेषच होती.

बापूदेवशास्त्री यांच्या विचारांची खरी कसोटी लागली ती पंचांगाच्या प्रश्नात. चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश गेला की एक तिथी पूर्ण होते. जुन्या ग्रंथांतील कोष्टके शतकानुशतके वापरल्याने त्यांत फरक साचला होता. त्यामुळे पंचांगातील तिथी आणि आकाशातील प्रत्यक्ष स्थिती यांत काही वेळा कित्येक तासांचे अंतर पडे. व्रते आणि सण तिथीवर अवलंबून असल्याने हा प्रश्न केवळ विद्वानांचा राहिला नाही. घराघरातील श्रद्धेशी तो जोडलेला होता. महाराष्ट्रात केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ पासून शुद्ध गणिताचे पंचांग प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला होता. बापूदेवशास्त्री यांनीही पुढील दशकात इंग्लंडच्या नॉटिकल अल्मनॅकच्या आधारे काशीत पंचांग सुरू केले. धर्मकृत्यांसाठी प्राचीन ग्रंथांचेच गणित प्रमाण मानावे, असे म्हणणाऱ्या पंडितांचा त्यांना विरोध झाला. परंतु जे आकाशात दिसते त्याच्याशी गणित जुळले पाहिजे, या मतापासून ते ढळले नाहीत.

त्यांच्या विद्वत्तेचा अनेक संस्थांनी गौरव केला. १८६४ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीने आणि १८६८ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीने त्यांना सन्माननीय सदस्यत्व दिले. १८७८ मध्ये त्यांना सी. आय. ई. हा किताब आणि १८८७ मध्ये महामहोपाध्याय ही पदवी मिळाली. सुमारे अर्धशतक अध्यापन करून १८८९ मध्ये ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी सुधाकर द्विवेदी हे गणिती आले आणि काशीतील ही परंपरा पुढे चालू राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात बापूदेवशास्त्री यांची जीवनयात्रा संपली. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी आपल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या मराठी ग्रंथात त्यांच्या कार्याची नोंद आदराने घेतली आहे.

काशीच्या त्या महाविद्यालयाचे १९५८ मध्ये विद्यापीठात रूपांतर झाले. आज ते संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय या नावाने ओळखले जाते. स्वतंत्र भारताने १९५७ मध्ये राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारली, तेव्हा प्रत्यक्ष वेधांशी जुळणारे गणितच आधाराला घेतले गेले. ज्या आग्रहासाठी बापूदेवशास्त्री यांनी विरोध पत्करला होता, तो अशा प्रकारे देशाने मान्य केला. आपल्या भाषेत आणि आपल्या परंपरेत पाय रोवून नवे ज्ञान स्वीकारता येते. मात्र जुने असो वा नवे, ते तपासून घेण्याची तयारी शिकणाऱ्याजवळ आणि शिकवणाऱ्याजवळही असावी लागते, हीच शिकवण या गणिताचार्यांच्या जीवनातून आपल्याला मिळते.