खाशाबांचं ५७ किलो आणि आजच्या पोरांचा खुराक, समजून घ्या!

सोलापूर : पोरगं तालमीत जायला लागलं की घरात दुधाचा रतीब वाढतो, बदाम भिजत पडतात. खुराक म्हणजे अंग भरणं, हा हिशेब मातीतल्या कुस्तीचा. तिथं जोड नजरेनं लावतात. मॅटवर आधी वजनकाट्यावर उभं राहावं लागतं. हा फरक कळायला खाशाबा जाधव यांचं आयुष्य पाहायला हवं.

शेजारच्या सातारा जिल्ह्यात, कराडजवळच्या गोळेश्वरमध्ये १५ जानेवारी १९२६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. त्यामुळं कुस्ती घरातच होती. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकताना त्यांचं नाव झालं. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते ५२ किलो गटात खेळले. मॅटची सवय नसतानाही सहावे आले.

चार वर्षांनी हेलसिंकीत ते वरच्या, ५७ किलो गटात उतरले. जाण्यासाठी पैसे नव्हते. प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून ७ हजार रुपये दिले. तिथं जपानच्या इशी यांच्याशी दमछाक करणारी लढत हरल्यावर लगेच सोव्हिएत मल्लापुढं उभं राहावं लागलं. मधली विश्रांती मागायला भारतीय अधिकारीच हजर नव्हता. अर्ध्या तासात ताकद पूर्ण भरून येत नाही, पण पाणी, थोडी साखर आणि थाऱ्यावर आलेला श्वास एवढं तरी मिळतं. खाशाबांना तेही मिळालं नाही. तरी कांस्यपदक आलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

५७ किलोच्या मल्लाला किती लागतं?

रोज कसून मेहनत करणाऱ्याला दर किलो वजनामागं साधारण १.४ ते २ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे ५७ किलोला ८० ते ११० ग्रॅम. लिटरभर दुधातून ३० ग्रॅमच्या पुढं मिळतात. दहा बदामांतून मात्र जेमतेम अडीच! त्यापेक्षा मूठभर शेंगदाणे परवडतात. ज्वारीच्या भाकरीत लायसिन हा घटक कमी असतो, तो डाळीतून भरून निघतो. भाकरी, शेंगाचटणी, घट्ट वरण, दूध, अंडी हे आपलं ताट त्यामुळं कमी लेखण्यासारखं अजिबात नाही. मेहनतीला लागणारी मुख्य ऊर्जाही भाकरी-भातातूनच येते.

खरा धोका वजन तोडण्याचा. पॅरिसमध्ये २०२४ साली अमन सेहरावतनं याच ५७ किलो गटात कांस्य जिंकलं. त्याआधी रात्रभरात त्यानं सुमारे साडेचार किलो वजन उतरवलं होतं. त्याच्यामागं प्रशिक्षकांचं पथक होतं. अमेरिकेत १९९७ मध्ये असंच झटपट वजन उतरवताना तीन कॉलेज कुस्तीगीर दगावले. वाढत्या वयातल्या पोरानं उपाशी राहून, पाणी तोडून खालचा गट गाठणं म्हणजे उंची, हाडं आणि ताकद तिन्ही पणाला लावणं. वरचा गट घ्यायला लाज कसली? खाशाबांचं पदकही वरच्या गटातलंच.

हेलसिंकीहून परतल्यावर शंभरहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. मग खाशाबांनी कुस्त्या भरवून प्राचार्यांचं कर्ज फेडलं. १९५५ मध्ये ते पोलिसात फौजदार झाले. निवृत्तीनंतर पेन्शनसाठी झगडावं लागलं. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचं निधन झालं. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० साली, मरणोत्तर.